टस्कीगीची तीन मैदानं आणि मोटन फील्डचा घोळ

वातकुक्कुट

टस्कीगी हे नाव आपल्याकडे पोचलं ते कार्व्हर, भुईमूग आणि रताळ्यांच्या वाटेनं. अलाबामातल्या त्याच गावाच्या उत्तरेला तीनेक मैलांवर नगरपालिकेचा एक छोटा विमानतळ आहे, मोटन फील्ड. एकच डांबरी धावपट्टी, लांबी पाच हजार फुटांच्या आसपास, प्रवासी विमानसेवा नाही. अमेरिकी सैन्याच्या कृष्णवर्णीय वैमानिकांनी १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत विमानाचे पहिले धडे गिरवले ते इथे. कार्व्हर वारले ५ जानेवारी १९४३ला. म्हणजे त्यांच्या शेवटच्या दीडेक वर्षात या निळ्या-पिवळ्या विमानांची घरघर त्यांच्या प्रयोगशाळेपर्यंत येत असणार.

दुसऱ्या एका धाग्यावर या विषयाची खिचडी झाली, म्हणून हा वेगळा काढतोय. तिथे एकानं लिहिलं, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट मोटन फील्डवरून उडाल्या. दुसऱ्यानं लिहिलं, मोटनवर मस्टँग ही लढाऊ विमानं होती. तिसऱ्यानं उपग्रह नकाशातल्या उजाड धावपट्ट्यांचं चित्र डकवलं आणि 'हेच ते' म्हणून मोकळा झाला. तिन्ही चूक. टस्कीगीच्या आसपास मैदानं तीन होती आणि लोक एकीची गोष्ट दुसरीला चिकटवतात, एवढाच घोळ आहे.

पहिलं केनेडी फील्ड. १९३९ साली वॉशिंग्टनच्या सरकारनं नागरी वैमानिक प्रशिक्षण योजना आणली. वर्गातलं कॉलेजनं शिकवायचं, हवेतलं जवळच्या उड्डाणशाळेनं. टस्कीगी इन्स्टिट्यूट या तिथल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजला त्याच वर्षी ऑक्टोबरात मान्यता मिळाली, पण विमान उतरवायला जागा कुठे होती? विद्यार्थ्यांना चाळीस मैलांवर माँटगोमेरीला न्यावं लागायचं. मग गावाजवळचं केनेडी फील्ड भाड्यानं घेतलं आणि विद्यार्थ्यांनी राबून ते वापरण्याजोगं केलं. पायपर कब ही हलकी विमानं इथली. सैन्याचा इथे संबंध नाही.

दुसरं मोटन फील्ड. इन्स्टिट्यूटचे दुसरे प्रमुख रॉबर्ट रसा मोटन यांचं नाव. १९४१ मध्ये ज्युलियस रोझेनवाल्ड फंड या धर्मादाय संस्थेच्या १,७५,००० डॉलर कर्जातून इन्स्टिट्यूटनं स्वतःच्या मालकीचं उभं केलं. गवताचं मैदान, विटांचा हँगर. सैन्याशी करार करून इथे फक्त प्राथमिक प्रशिक्षण.

तिसरं टस्कीगी आर्मी एअर फील्ड. हे सैन्याचं, गावाच्या वायव्येला, मोटनच्या कित्येक पट मोठं. बेसिक आणि ॲडव्हान्स्ड टप्पे इथे. बीटी-१३, एटी-६, पुढे पी-४० ही विमानं इथली. नकाशातल्या उजाड धावपट्ट्या या मैदानाच्या. नंतर त्याला शार्प फील्ड म्हणू लागले. आज वापरात नाही.

कॅडेटचा प्रवास असा: सुरुवातीचे वर्ग कॅम्पसवर, मग मोटनवर पीटी-१७ या दोन सीटांच्या शिकाऊ विमानावर साठेक तास, मग आर्मी फील्डवर पुढचं सगळं. पदवीदानही तिथेच. मस्टँग तर या तिन्ही ठिकाणी शिकवायलाच नव्हती. या वैमानिकांच्या ३३२व्या फायटर ग्रुपला ती मिळाली इटलीत, १९४४च्या जुलैच्या सुमारास. त्याआधी पी-४०, पी-३९, पी-४७ अशी वरात होऊन गेली होती.

---

कापूसकोंड्या

वाखूसा (वाचनखूण साठवली). एक अडाणी प्रश्न. सैन्यानं प्राथमिक शिक्षण कॉलेजच्या हातात का दिलं? आपल्याकडे कुणी असं केल्याचं ऐकलं नाही.

---

गंजका_नट

@कापूसकोंड्या, हे फक्त टस्कीगीपुरतं नव्हतं. १९३९ मध्ये सैन्याच्या हवाई दलाचे प्रमुख जनरल अरनॉल्ड यांच्यापुढे साधं गणित होतं. सैन्याकडे स्वतःची प्राथमिक शाळा टेक्सासात, रँडॉल्फ फील्डवर. वर्षाला काहीशे वैमानिक तयार करणारी यंत्रणा हजारोंवर न्यायची तर नवे तळ बांधायला, शिक्षक शोधायला वेळ नव्हता. म्हणून प्राथमिक टप्पा खासगी शाळांना ठेक्यानं दिला. वाटणी अशी: विमानं, पॅराशूट, अभ्यासक्रम आणि परीक्षक सैन्याचे. मैदान, हँगर, शिक्षक, मेकॅनिक, जेवणखाण ठेकेदाराचं. दक्षिण अमेरिकेत नव्हे, अमेरिकेच्या दक्षिणेत आणि पश्चिमेत अशा डझनावारी शाळा निघाल्या, कारण हिवाळ्यातही उडता येतं. युद्ध संपल्यावर त्यांतली बरीच मैदानं गावांच्या पदरात पडली. आज अमेरिकेत गावोगाव जे नगरपालिकेचे विमानतळ दिसतात, त्यांतल्या अनेकांची जन्मकथा हीच आहे.

टस्कीगीचं वेगळेपण म्हणजे ठेकेदार ही कृष्णवर्णीयांची शिक्षणसंस्था होती. शाळेचा कारभार जी. एल. वॉशिंग्टन या इंजिनियरकडे, इमारतींची आखणी इन्स्टिट्यूटचे वास्तुविशारद एडवर्ड मिलर यांची. बांधकामाचा ठेका आयोवाच्या अलेक्झांडर अँड रेपास फर्मला. त्यातले आर्ची अलेक्झांडर कृष्णवर्णीय, रेपास गोरे. त्या काळात अशी भागीदारी म्हणजे नवलच. वॉशिंग्टन शहरात टायडल बेसिनवरचा पूल पाहिला असेल तर तोही यांचाच.

आपल्याकडेही थोडंफार तसंच झालं बरं का. युद्धाच्या सुरुवातीला फ्लाइंग क्लबांकडूनच पोरं तयार करून घेतली, मग बेगमपेट आणि जोधपूरला टायगर मॉथवर प्राथमिक शाळा चालल्या. पण त्या शाळा हवाई दलाच्या होत्या, कॉलेजच्या नव्हेत.

---

पारंबी

मूळ लेखात एलिनॉरबाईंचा उल्लेख ओझरता झालाय, म्हणून तारखा लावून देते.

१६ जानेवारी १९४१: सैन्यानं कृष्णवर्णीय वैमानिकांची एक स्क्वाड्रन काढणार असं जाहीर केलं.
२२ मार्च १९४१: इलिनॉयमध्ये शनूट फील्डवर ९९वी पर्सूट स्क्वाड्रन कागदोपत्री उभी राहिली. तिचे मेकॅनिक आधी तिथेच शिकले.
२९ मार्च १९४१: एलिनॉर रूझवेल्ट टस्कीगीत चार्ल्स 'चीफ' अँडरसन यांच्याबरोबर उडाल्या.
१९ जुलै १९४१: १३ जणांची पहिली तुकडी, ४२-सी, दाखल.

म्हणजे 'बाई विमानात बसल्या आणि म्हणून कृष्णवर्णीयांना हवाई दल उघडलं' ही लाडकी गोष्ट तारखांपुढे टिकत नाही. निर्णय दोन महिने आधीच झालेला. मैदानही केनेडी, कारण मोटन तेव्हा उभंच नव्हतं. पण उड्डाणाला अर्थ नव्हता असंही नाही. त्या रोझेनवाल्ड फंडाच्या विश्वस्त होत्या आणि फंडाच्या बैठकीसाठीच टस्कीगीला आल्या होत्या. मोटन फील्डचं कर्ज याच फंडाचं. म्हणजे त्या भेटीनं धोरण बदललं नाही, मैदानाच्या पैशाची वाट सोपी केली. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे, फक्त ती फोटोत दिसत नाही.

फोटोतही एक गंमत आहे. अँडरसन पुढे बसलेत आणि बाई मागे. दोघंही कॅमेऱ्याकडे पाहून हसताहेत.

अँडरसन यांच्याबद्दल एक ओळ: १९२९ मध्ये वैमानिकाचा परवाना, १९३२ मध्ये ट्रान्सपोर्ट परवाना, तो मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. मोटनवर शिक्षकांचे प्रमुख तेच.

---

उंडगा

पारंबीताईंना +१.

गवताचं मैदान म्हणजे गरिबीचं लक्षण असा एक सूर मागच्या धाग्यात होता. तसं नाही. पीटी-१७सारख्या विमानाला शिकाऊ हातात गवतच बरं.

या विमानाचं तिसरं चाक शेपटीला असतं. पुढची दोन चाकं एकमेकांच्या जवळ, आणि विमानाचा गुरुत्वमध्य त्या दोन चाकांच्या मागे. जमिनीवर विमान सरळ धावतंय तोवर ठीक. नाक जरा बाजूला वळलं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि वळण आपोआप वाढत जातं. रडरवर (शेपटीतल्या सुकाणूच्या पायपट्टीवर) वेळीच पाय पडला नाही तर विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. याला म्हणतात ग्राउंड लूप. बाहेरच्या बाजूचा खालचा पंख जमिनीला घासतो. पीटी-१७ला एलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) फक्त खालच्या पंखांना आहेत, म्हणजे मोडायचं ते नेमकं तिथेच.

आता डांबरावर टायर घट्ट पकड घेतो. विमान आडवं घसरू पाहतं, चाक अडून बसतं, म्हणून वरचा भाग कलंडतो आणि पंख खाली जातो. गवतावर तेच चाक सरकतं. बऱ्याचदा गिरकीही होते, पण पंख वाचतो.

दुसरं कारण वारा. चौफेर मैदान असलं की वारा असेल त्या दिशेनं उतरता येतं. एका धावपट्टीवर आडव्या वाऱ्यात उतरवायला शिकवायचं म्हणजे पहिल्या दहा तासांतल्या पोराच्या गळ्यात धोंडा.

गवताचे तोटेही आहेत. अलाबामाची माती लाल, चिकण. पाऊस झाला की पाणी मुरत नाही, वर राहतं. चाक रुतलं की विमान नाकावर उभं राहतं आणि लाकडी पंख्याचे तुकडे. जिथे विमानं रोज वळतात, उभी राहतात, इंजिन तापवतात, तिथलं गवत आधी मरतं आणि धूळ उडते. ती धूळ कार्ब्युरेटरमध्ये. म्हणून अशा मैदानांवर हँगरसमोरचा तुकडा फरसबंद करतात आणि उतरायची पट्टी थोडी थोडी सरकवत राहतात. गवत कापायचंही माप असतं. फार आखूड कापलं की मुळं उन्हानं जळतात, उंच ठेवलं की चाकांना ओढ लागते.

---

कापूसकोंड्या

गरिबीचं लक्षण म्हणणारा मीच होतो. माघार.

पण शिक्षक आणि विद्यार्थी बोलायचे कसे? उघडं विमान, समोर इंजिन, रेडिओ होता का?

---

गंजका_नट

रेडिओ नव्हता. शिक्षक पुढे, विद्यार्थी मागे. एकटा उडतानाही विद्यार्थी मागेच बसणार, पुढची सीट रिकामी. बोलायला गॉसपोर्ट नळी. शिक्षकाच्या तोंडाशी नरसाळं, तिथून रबरी नळी मागे विद्यार्थ्याच्या टोपीतल्या कानांपर्यंत. एकेरी मार्ग. शिक्षक ओरडणार, विद्यार्थी मान डोलावणार. तो काय करतोय हे शिक्षक वरच्या पंखाला लावलेल्या आरशात पाहणार. नळीला चीर पडली किंवा टोपीच्या जोडापाशी ती निसटली, तर विद्यार्थ्याला काहीच ऐकू येत नाही आणि तो तरीही मान डोलावतो. म्हणून निघण्याआधी नळी फुंकून बघायची.

टॉवरशी बोलणं दिव्यानं. हिरवा झोत म्हणजे उतर, लाल म्हणजे थांब.

आता इंजिन सुरू करण्याबद्दल लिहितोच, कारण नव्या मेकॅनिकची परीक्षा इथेच होते. काँटिनेंटल आर-६७०, सात सिलिंडर गोलाकार मांडलेले, २२० अश्वशक्ती. रात्रभर उभं राहिलं की तेल झिरपून सगळ्यात खालच्या दोन सिलिंडरमध्ये, चौथ्या आणि पाचव्यात, साचतं. वायू दाबला जातो, तेल दाबलं जात नाही. तसंच इंजिन चालू केलं तर पिस्टन तेलावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी लगेच मोडतो. कधी वाकलेला रॉड वीस तास नीट चालतो आणि मग हवेत मोडतो. दुसरा प्रकार जास्त वाईट.

म्हणून सकाळचं पहिलं काम: इग्निशन बंद आहे हे बघायचं, दुसऱ्यानं ओरडून सांगितलं तरी स्वतः बघायचं. मग पंखा हातानं, चालीच्या दिशेनं, सावकाश फिरवायचा. दोन पात्यांचा पंखा आणि फोर-स्ट्रोक इंजिन, म्हणजे सातही सिलिंडर एकदा दाबून निघायला दोन पूर्ण फेरे, चार पाती. आठ-दहा पाती मोजावीत. मध्येच पंखा अडला, तर जोर करायचा नाही. नवशिके इथे हमखास एक चूक करतात: पंखा उलटा फिरवतात. उलटा फिरतो, मोकळा वाटतो. पण त्यानं तेल सिलिंडरमधून इनटेक पाइपात ढकललं जातं आणि इंजिन लागल्याबरोबर परत आत ओढलं जातं. उपाय एकच, खालच्या सिलिंडरचे प्लग काढा, तेल गळू द्या, प्लग पुसून परत लावा. वीस मिनिटं जातात. रॉड वाचतो.

मग स्टार्टर. बॅटरी नाही. इंजिनच्या डाव्या अंगाला हँडल घालून आतलं जड चाक हातानं गरागरा फिरवायचं. सुरुवातीला हँडल हलता हलत नाही, मग वेग येतो आणि आवाज चढत चढत शिट्टीसारखा होतो. हँडल काढून घ्यायचं, बाजूला व्हायचं, वैमानिकानं स्विच चालू केला की कळ ओढायची. फिरत्या चाकाचा जोर इंजिनला लागतो. काही सेकंदांचा खेळ. प्राइमर (आधी थोडं पेट्रोल इंजिनात ढकलणारा हातपंप) कमी मारला असेल तर इंजिन खोकून थांबतं आणि हँडल पुन्हा सुरुवातीपासून. उन्हाळ्याच्या दुपारी, इंजिन गरम असताना प्राइमर जास्त मारला तर पेट्रोलनं तुडुंब. मग थ्रॉटल पूर्ण उघडून, इग्निशन बंद ठेवून पंखा फिरवून ते बाहेर काढायचं.

टायगर मॉथशी तुलना कुणीतरी करेलच म्हणून आधीच सांगतो: त्यात १३० अश्वशक्ती, ब्रेक नाहीत, शेपटीला बहुधा चाकाऐवजी पट्टी. पीटी-१७ दणकट आणि वजनदार, चुका पोटात घालतं. फक्त जमिनीवर नाही घालत.

---

वातकुक्कुट

@गंजका_नट, राव, हा वेगळा लेख होतो.

यात कापडाचं काम राहिलं. मोटनवर मुख्य हँगरपासून लांब एक बुटकी कोठी होती, डोप ठेवायची. तेलाची कोठी आणखी वेगळी. असं विखुरलेलं का, हे पाहणाऱ्याला कळत नाही.

पीटी-१७चा सांगाडा धडात पोलादी नळ्यांचा, पंखात स्प्रूस लाकडाचे स्पार (पंखाच्या मुख्य आडव्या तुळया) आणि फासळ्या. वर सुती कापड. कापड शिवून, बांधून झालं की त्यावर डोप, म्हणजे सेल्युलोजचं रोगण, अनेक हात द्यायचं. सुकताना डोप आकसतं आणि कापड डफासारखं ताणलं जातं. नायट्रेट डोप आणि त्याचे थिनर म्हणजे ठिणगीची वाट पाहणारा माल. हँगरमध्ये ठेवणं शक्यच नाही.

अलाबामात खरा शत्रू दमट हवा. थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार करतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि डोप पांढरट होतं. बघायला नुसता डाग, पण तिथला थर कच्चा आणि आकसही कमी. पावसाच्या दिवशी डोपकाम करू नये हा नियम. करावंच लागलं तर सावकाश उडणारं थिनर मिसळायचं आणि हात पातळ द्यायचे. पांढरं झालंच तर वरून थिनरचा हलका फवारा मारून थर पुन्हा मऊ करून सुकवायचा. खरवडत बसायचं नाही, कापड कापलं जातं.

ग्राउंड लूप झालेलं विमान आलं तर कापड सर्वांत शेवटी. आधी खालच्या पंखाचा स्पार, विशेषतः धडाला जोडतो त्या ठिकाणी आणि खांबाच्या जोडापाशी. दाबानं चिरडलेल्या लाकडाची चीर तंतूंच्या आडवी जाते, केसासारखी बारीक, टॉर्च तिरपा धरल्याशिवाय दिसत नाही. टोकाचं कापड फाटलंय म्हणून टोकच दुरुस्त केलं आणि मुळाशी पाहिलं नाही, ही चूक पुढच्या लूपच्या धड्यात वसूल होते. ग्राउंड लूप नव्हे, आकाशातला.

पॅराशूटचं खातंही मोटनवर होतं आणि त्या कामात स्त्रियाही होत्या. चोवीस फुटांची छत्री, दोऱ्यांसकट पसरायची तर चाळीसेक फूट लांब टेबल लागतं. घडी ठरावीक मुदतीनं मोडून, टांगून, वाळवून पुन्हा घालायची, वापरली असो वा नसो. दमट हवेत टांगणीची मुदत वाढते. विद्यार्थी हे पॅराशूट सीटखाली घेऊन त्यावरच बसायचा. सीटला वाटीसारखा खड्डा असतो तो त्यासाठी. नुसत्या गादीवर बसलं तर काही दिसत नाही.

---

बिनपगारी

पहिल्या तुकडीचं गणित कुणी सांगेल का? १३ आले आणि ५ पास झाले, हे खरं?

---

पारंबी

खरं. १२ कॅडेट आणि एक आधीपासून अधिकारी असलेले, बेंजामिन ओ. डेव्हिस ज्युनियर. ७ मार्च १९४२ला आर्मी फील्डवर पाच जणांना पंख मिळाले: डेव्हिस, मॅक रॉस, चार्ल्स डीबाउ, लेम्युएल कस्टिस, जॉर्ज रॉबर्ट्स.

सगळ्या देशात वैमानिक प्रशिक्षणातून साधारण दहातले चार गळत, त्यामानाने ही गळती जबर. कारण फक्त विमान चालवण्यात शोधू नका. सुरुवातीला या वैमानिकांना जायला एकच स्क्वाड्रन होती. गोरा कॅडेट लढाऊ विमानाला नाही जमला तर बॉम्बर, वाहतूक, नेव्हिगेटर असे रस्ते होते. इथे पुष्कळ काळ दुसरा रस्ताच नव्हता. चेक राइड, म्हणजे परीक्षेचं उड्डाण, घेणारे सैन्याचे अधिकारी गोरे, शिकवणारे मोटनवर बहुतांश कृष्णवर्णीय. शिक्षकानं तयार म्हटलेल्याला परीक्षकानं काढलं की वाद होणारच.

चेक राइड साधारण वीस, चाळीस आणि साठ तासांना. पहिल्या टप्प्यात सरळ उडणं, वळणं, स्टॉल, स्पिनमधून बाहेर येणं, इंजिन बंद पडल्याचं सोंग. शिक्षक न सांगता थ्रॉटल मागे ओढतो, विद्यार्थ्यानं शेत निवडायचं. नापास होण्याचं नेहमीचं कारण चुकीचं शेत नव्हे, निर्णय बदलत राहणं. नंतरच्या टप्प्यात रस्त्यावरून एस आकार, आठ आकडा, लूप, रोल. आठ आकड्यात वाऱ्याचा हिशेब चुकला की एक वाटोळं मोठं, एक छोटं. परीक्षकाला खाली बघायचीही गरज पडत नाही.

---

वातकुक्कुट

पारंबीताई, तरी टस्कीगीची निवड योग्यच होती असं मी म्हणेन. जमीन होती, हवामान चांगलं, कॉलेजची उड्डाणशाळा चालू होती, शिक्षक हाताशी.

---

पारंबी

योग्य कुणासाठी, हा प्रश्न आहे. शिकागोत कॉर्नेलियस कॉफी आणि विला ब्राउन यांची शाळा चालू होती. शिक्षक तिथेही हाताशी होते. सैन्याला टस्कीगी सोयीचं वाटलं कारण सगळं वेगळं ठेवता येत होतं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचा विरोध नेमका यालाच होता. युद्धमंत्र्यांचे सल्लागार न्यायमूर्ती विल्यम हेस्टी यांनी हवाई दलातल्या भेदभावाच्या निषेधार्थ जानेवारी १९४३मध्ये राजीनामा दिला. तुमच्या हवामानाच्या मुद्द्यात खोट नाही, पण फक्त हवामानावर निवड झाली म्हणणं म्हणजे डोपचा डाग पाहून स्पार न पाहणं.

---

वातकुक्कुट

उदाहरण माझंच, फटकाही मलाच. मान्य.

---

बिनपगारी

अवांतर: टस्कीगीच्या वैमानिकांनी संरक्षण दिलेलं एकही बॉम्बर शत्रूनं पाडलं नाही, असं सगळीकडे वाचतो.

---

उंडगा

नाही हो. हवाई दलाच्याच इतिहासकारांनी कागदपत्रं तपासली तेव्हा किमान २७ बॉम्बर शत्रूच्या विमानांनी पाडल्याचं निघालं, १७९ संरक्षक मोहिमांमध्ये. त्याच भागातल्या इतर गटांची सरासरी ४६. म्हणजे खरा आकडाच पुरेसा चांगला आहे, शून्याची भर कशाला घालायची? आणि ही गोष्ट इटलीतली. मोटन फील्डच्या धाग्यात ती आणली की पुन्हा खिचडी.

---

पूर्वेचा_वारा

युद्धानंतरचं लिहितो, कारण विमानतळाचा इतिहास तिथे संपत नाही.

आर्मी फील्डवरून शेवटची तुकडी, ४६-सी, २९ जून १९४६ला बाहेर पडली. एकूण वैमानिक सुमारे हजार, ९९२ हा आकडा नेहमी दिला जातो. त्याच वर्षी दोन्ही मैदानांवरचं प्रशिक्षण थांबलं. पुढे दोघांचं नशीब उलटं निघालं. मोठ्या तळावर सैन्यानं अफाट खर्च केला होता, पण सैन्य गेल्यावर त्याला धनी उरला नाही. छोटं मोटन इन्स्टिट्यूटच्या मालकीचं होतं म्हणून टिकलं. १९७२ मध्ये मैदानाचा मोठा भाग इन्स्टिट्यूटनं टस्कीगी शहराला दिला आणि ते रीतसर नगरपालिकेचं विमानतळ झालं.

नगरपालिकेच्या हाती गेल्यानं एक गोष्ट साधली: जमीन विमानांसाठीच राहिली. एक बिघडलीही: उड्डाणाला कामाच्या नसलेल्या इमारतींवर खर्च करायला कुणाला सवड नव्हती. छत गळतं, पाणी विटांच्या भिंतीत जातं, पोलादी खिडक्यांच्या चौकटी गंजून फुगतात आणि विटा फोडतात. १९८९ मध्ये दुसरा हँगर आगीत गेला.

६ नोव्हेंबर १९९८च्या कायद्यानं हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं. पहिला हँगर दुरुस्त करून १० ऑक्टोबर २००८ला उघडला. दुसरा हँगर नव्यानं बांधला, तो नंतर खुला झाला. म्हणजे पाहताना फरक लक्षात ठेवा: पहिला हँगर अस्सल, दुसरा बाहेरून जुन्यासारखा आणि आत संग्रहालय. नाहीशा झालेल्या काही इमारतींच्या जागी नुसते सांगाडे उभे केलेत, भिंती नाहीत. खोटी इमारत बांधण्यापेक्षा हे प्रामाणिक वाटतं.

---

कापूसकोंड्या

अटलांटात बहीण राहते, डिसेंबरात जाणं आहे. कार्व्हर आणि हे, दोन्ही एका दिवसात होईल?

---

पूर्वेचा_वारा

होईल. अटलांटापासून सव्वाशे मैल, आय-८५वरून एक्झिट ३८. एक्झिटपासून विमानतळ अगदी जवळ, आधी तेच करा. रस्त्याला चॅपी जेम्स यांचं नाव आहे. ते टस्कीगीतच शिकले आणि १९७५ मध्ये अमेरिकी सैन्यातले पहिले चार ताऱ्यांचे कृष्णवर्णीय जनरल झाले. कार्व्हर संग्रहालय कॅम्पसवर, गावातून पुढे. दोन्ही नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहेत, पण ती दोन वेगळी स्थळं आहेत, पत्ता टाकताना गल्लत करू नका. 'टस्कीगी इन्स्टिट्यूट' आणि 'टस्कीगी एअरमेन' अशी दोन नावं येतात.

अलाबामाचं घड्याळ अटलांटाच्या एक तास मागे आहे. जाताना तास मिळतो, येताना जातो, बहिणीकडे जेवायची वेळ त्या हिशेबानं सांगा.

---

गंजका_नट

पहिल्या हँगरमध्ये पीटी-१७ उभं आहे. तिथे गेलात तर वरच्या पंखाच्या मधल्या भागाखाली बघा, एक काचेची नळी लोंबताना दिसेल. तोच पेट्रोलचा काटा. टाकी वर पंखात, ४६ गॅलनची, आतल्या तरंगत्या बोंडाची काडी या नळीत खालीवर होते. मागच्या सीटवरून मान उंच करून वाचायची. तासाला बारा-तेरा गॅलन खातं. विमान तिरकं असताना वाचलं तर काडी खोटं बोलते, म्हणून पंख सरळ करूनच वाचायची, आणि जमिनीवर शेपूट खाली असताना दिसलेल्या आकड्यावर तर निघायचंच नाही, टाकीत पट्टी बुडवून मोजायचं.